हप्ता भरायचाच, तर आधी भर

मावशी,

खानापूर तालुक्यातून लग्न होऊन बेळगावच्या वडगावला आले त्याला अकरा वर्षं झाली. हे उद्यमबागेत कारखान्यात कामाला आहेत, हातात २१,५०० येतात. मी फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते, महिन्याला चार-साडेचार हजार सुटतात. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार येतात, पण कधी वेळेवर, कधी दोन-दोन महिने रखडतात. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मी एकेक पैसा बघून खर्च करते. किराणा लागेल तसा पाव किलो, अर्धा किलो आणते, म्हणजे हातात पैसा राहील. तिखटाची १०० ग्रॅमची पुडी, तीही ४८ रुपयांची. मिक्सर सेलमधला १,४०० चा घेतला, तो दोनदा बंद पडला. एवढं करून वीस तारखेनंतर हात रिकामा. ह्यांचं म्हणणं, मी चिकट झालेय. कोल्हापूरची नणंद म्हणते, आमच्याकडं ये, सगळं स्वस्त मिळतंय. गटातून ४०,००० कर्ज काढून फ्रिज आणि मोबाइल घेतला. २,१२० चे २४ हप्ते, अजून सात बाकी आहेत. लाइटबिल कधी शून्य, कधी तीनशे, का ते कळत नाही. आणि आता येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या वैशाखात सासरच्या गावात लक्ष्मीची यात्रा आहे, बारा वर्षांनी. गावात दीर असतात. ह्यांना सगळ्यांना बोलवायचंय, आमच्या एकट्याच्या घरचा दीड लाखाचा अंदाज काढलाय आणि पुन्हा कर्ज काढू म्हणतायत. मी आणखी कुठं काटकसर करू?

– वडगावची एक वाचक

पोरी,

आणखी कुठंच नको. आहे तेवढी पुरे झाली. पाव किलो, अर्धा किलो, पुडी, असं करत तू महिनाभर जे वाचवायला बघतेस, त्याच्या कितीतरी पट एका दिवसात जातं. फ्रिज घरात येतो त्या दिवशी, शाळा उघडते त्या दिवशी, यात्रा येते त्या दिवशी. आणि हे खर्च काही अचानक येत नाहीत. जूनमध्ये शाळा उघडणार, भाद्रपदात गणपती येणार, हे सगळ्या घराला ठाऊक असतं. यात्रेचं तर मागच्या यात्रेपासून ठाऊक आहे. तरी दर वेळी आपण घरावर संकट कोसळल्यासारखं धावतो आणि कुणाकडून तरी पैसे उचलतो.

माझं माहेर निपाणी. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, पगार आठवड्याचा. गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान होतं, आणि दुकानदाराकडं लाल पुठ्ठ्याची लांबडी वही. गल्लीतल्या प्रत्येक घराचं त्यात एक पान आणि प्रत्येक पानावर उधारी. आईच्या पानावर मात्र ‘जमा’ असायचं. गणपती उठले की ती दर आठवड्याला दोन रुपये त्याच्याकडं ठेवून यायची, काही न घेता. शिमग्यापर्यंत पन्नासच्या आसपास व्हायचे. मिरचीची पोती दुकानात उतरली की तो आमच्याकडं निरोप धाडायचा. आई जाऊन पोतं उघडायला लावायची, निवडून घ्यायची, तीही घाऊक भावात, कारण त्याचे पैसे त्याला आधीच पोचलेले. बाकीच्या घरांत तीच मिरची पावशेरानं, चढ्या भावानं आणि वर उधारीवर जायची. आम्ही पोरं ह्याला ‘उलटी उधारी’ म्हणायचो. एका पावसाळ्यात बाबा महिनाभर अंथरुणाला खिळले, तेव्हा त्या पानावरच्या जमेवर आमची चूल पेटली. आईचा पगार शेजारणींच्या पगाराएवढाच होता, हे मी मोठी झाल्यावर मला कळलं.

तू हप्ता भरणारी बाई आहेस. सतरा महिने एकही न चुकवता २,१२० भरलेस, म्हणजे तुझ्या घरातून दर महिन्याला तेवढे बाजूला निघू शकतात, हे तूच सिद्ध केलंयस. फक्त तो हप्ता वस्तू घरात आल्यावर भरतेस. तोच आधी भरलास तर काय होईल, ते तुझ्याच आकड्यांवरून बघूया.

२,१२० चे २४ हप्ते म्हणजे ५०,८८०. घेतले होतेस ४०,०००. वरचे १०,८८० व्याज. कर्ज देताना कुणी तुला साडेतेरा टक्के सांगितलं असेल, कारण १०,८८० ला दोन वर्षांनी आणि चाळीस हजारांनी भागलं की तेवढेच येतात. पण तू दर महिन्याला मुद्दलही फेडत आलीस. वर्ष उलटलं तेव्हा तुझ्याकडं त्यांचं निम्म्याच्या आसपास मुद्दल उरलं होतं, आणि व्याज मात्र पूर्ण चाळीस हजारांचं धरलेलं. म्हणून खरा दर चोवीस टक्क्यांच्या घरात जातो. कर्जाच्या कागदावर वार्षिक व्याजदर लिहून देणं त्यांना बंधनकारक आहे, कागद काढून एकदा बघ. हे १०,८८० रुपये म्हणजे तुझ्या पाच माणसांच्या घराचा कित्येक महिन्यांचा तांदूळ आणि शाळू. तो तू फ्रिज आणि मोबाइल दीडेक वर्ष लवकर घरात यावा म्हणून दिलास. तुला दोष देत नाही, गं. आपल्याकडं गल्लोगल्ली हेच चाललंय, आणि देणारे दारात येऊन देतात.

राहिलेले सात हप्ते नीट फेड. एक फेडायला दुसरं काढू नकोस. वसुलीला येऊन कुणी दम देत असेल, दारात बसून राहत असेल, तर गप्प बसू नकोस. ह्याच छळाविरुद्ध कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला, पोलिसांत तक्रार देता येते.

आता गृहलक्ष्मीचे दोन हजार. हा पैसा तू महिन्याच्या किराण्यात धरतेस, म्हणून तो रखडला की तुझा महिना कोसळतो. ज्याच्या येण्याची तारीख आपल्या हातात नाही, त्यावर रोजचं जेवण टाकू नये. तो वर्षाच्या बेगमीला लाव. दोन महिने उशिरा आला तर बेगमी दोन महिने पुढं जाईल, ताटातली भाकरी हलणार नाही. तू म्हणशील, मावशी, वीस तारखेलाच हात रिकामा होतो, त्यातून दोन हजार काढू कुठून? बरोबर आहे. म्हणून पहिल्या महिन्यात पाचशेच काढ, पुढं सातशे, हजार. घरात तांदळाचं पोतं आणि तिखटाची बरणी आली की किराण्याचा आकडा आपोआप उतरतो, आणि तो उतरेल तसा हा वाढव. दोन हजार पूर्ण बाजूला पडायला आठ-दहा महिने लागतील. लागू देत.

हे पैसे घरात ठेवू नकोस, घरातले पैसे सगळ्यांचे होतात. बँकेत सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं आवर्ती खातं काढ. दोन टक्के जादा मिळतात म्हणून पतसंस्थेत किंवा सौहार्द सहकारी संस्थेत टाकायचा मोह होईल. तिथं एक गोष्ट ध्यानात घे: बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला आणि सौहार्दला तो नसतो. आमच्याच गल्लीतल्या दोन घरांची मुलींच्या लग्नाची रक्कम अशा एका संस्थेत अडकलीये, तिथल्या पायऱ्या झिजवताना मी त्या बायकांना बघितलंय. भिशी चालेल, पण दहा-बारा ओळखीच्या बायकांची, आणि पहिला नंबर लागला तर तो पैसा खर्चायचा नाही असं मनाशी ठरवून.

आणि सुरुवात मिरचीपासून कर, फरक तिथं सगळ्यात लवकर दिसतो.

माघ-फाल्गुनात नवी मिरची बाजारात असते. रंगाला ब्याडगी: लांब, सुरकुतलेली, गडद, तिखटाला मवाळ. तिखटपणाला लवंगी. अस्सल संकेश्वरीची लागवड कमी झालीये आणि भाव आपल्या आवाक्याबाहेरचा असतो, हौसेला पाव-अर्धा किलो घाल, पण संकेश्वरी म्हणून सांगितलेली प्रत्येक मिरची संकेश्वरीच असते असं समजू नकोस. रविवार पेठेत सकाळी, उजेडात जा. पोत्याच्या तोंडाशी मांडलेला माल बघू नकोस, तो मांडण्यासाठीच निवडलेला असतो. हात कोपरापर्यंत आत घाल आणि तळातली मूठभर वर काढ. एक मिरची कानाशी हलव, वाळलेली असेल तर बिया खुळखुळतात. मग मधोमध वाकव. चामड्यासारखी नुसती दुमडली तर आत ओल आहे, म्हणजे तू मिरचीच्या भावात पाणी विकत घेतेस, आणि पावसाळ्यात डब्याला बुरशी. देठाजवळ पांढरट डाग दिसले तर पुढच्या दुकानात जा. बोटांत चोळून बघ. कुंकवासारखा भडक लाल रंग बोटाला चिकटून राहिला तर संशय घे.

मी गेल्या फाल्गुनात साडेतीन किलो ब्याडगी आणि अडीच किलो लवंगी घेतली. देठं खुडून, गच्चीवर तीन उन्हं देऊन झाल्यावर सहाची साडेपाच किलो भरली. डंकावर समोर उभं राहून कुटून आणली. सगळं धरून किलो सव्वातीनशेला पडली. तुझी पुडी ४८० रुपये किलोनं पडते. साडेपाच किलोमागं साडेआठशे रुपये, आणि त्यात काय काय कुटलंय ते मला माहीत आहे.

भात-तांदळाची वेळ तर आत्ताच आहे. मार्गशीर्ष चालू आहे, खानापूर पट्ट्यात मळण्या सुरू आहेत, आणि तुझं माहेरच तिथलं. भावाला विचार, शेजारच्या कुणाचं इंद्रायणी मिळतंय का. पण भाव करताना एक हिशेब डोक्यात ठेव: क्विंटलभर भात भरडलं की कणीसकट पासष्ट किलोच्या आसपास तांदूळ निघतो. भात २५ रुपये किलोनं घेतलं तर तांदूळ भरडणावळीसकट चाळीसच्या वर पडतो. तरी दुकानातल्यापेक्षा स्वस्तच. नवा तांदूळ गिच्च होतो, दोन-तीन महिने पोत्यात मुरू दे, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेव. तूरडाळ जानेवारी-फेब्रुवारीत नवी येते, तिला एरंडेलाचा हात लावला की किडत नाही. गूळ गुऱ्हाळं बंद व्हायच्या आत घे, शाळू शिमग्यानंतर, बैलहोंगल-सौंदत्तीकडचा. सासूबाईंना विचार, ह्यातलं माझ्यापेक्षा जास्त त्यांना येत असेल.

पहिल्या वर्षी सगळं करायला जाऊ नकोस. यंदा फक्त मिरची आणि पन्नास किलो तांदूळ. तेवढं नीट सांभाळलंस की पुढच्या वर्षी डाळ, मग शाळू. साखर, साबण, गव्हाचं पीठ ह्यांचा साठा करून काही मिळत नाही, ते महिन्याचंच आण. तेलही फार दिवसांचं भरू नकोस, खवट होतं. आणि डबा घेताना तो १५ किलोचा आहे की १५ लिटरचा, ते वाच. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल असतं. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन डबे, एक शंभर रुपयांनी स्वस्त, आणि तो स्वस्त डबाच महाग, असं मी डोळ्यांनी बघितलंय.

पाकिटांवर आता ग्रॅममागे किंवा मिलीमागे किंमत छापलेली असते, बारीक अक्षरात. तुझ्या थोरल्याला वाचायला लाव. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही. शाम्पूची पुडी बऱ्याचदा बाटलीपेक्षा मिलीला स्वस्त निघते. मॉलमध्ये जायचं तर यादी घेऊन जा आणि ढकलगाडी घेऊ नकोस, हातातली टोपली घे. त्याबद्दल मला एवढंच सांगायचंय.

मिक्सरबद्दल मात्र मला वाईट वाटलं, कारण कदाचित एकदा तरी तो जळालाच नसेल. मिक्सर उलटा करून बघ, खाली बहुतेकांना एक छोटं लाल बटण असतं. मोटर तापली की ते आपोआप बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. अर्धा तास थंड होऊ द्यायचा, बटण आत दाबायचं, पुन्हा चालू. कित्येक घरांत ह्या बटणापायी चांगला मिक्सर दुरुस्तीला जातो. भांडं नुसतंच घरघरतं आणि पातं फिरत नसेल तर खालचा रबरी कपलर झिजलाय, तो थोडक्यात मिळतो. ठिणग्या उडत असतील तर कार्बन बदलायचा. ह्यांना सांग, उद्यमबागेत काम करणाऱ्या माणसाला हे दहा मिनिटांचं काम आहे. वाइंडिंगच जळालं असेल तर मग त्यावर पैसे घालू नकोस. नवा घेशील तेव्हा तांब्याच्या वाइंडिंगचा, आयएसआय शिक्क्याचा घे, आणि रोज वाटणाला वापरणारी आहेस म्हणून ७५० वॉटच्या खाली जाऊ नकोस. तो तीन-साडेतीन हजारांना येईल आणि दहा वर्षं काम देईल. तुझ्या १,४०० च्या मिक्सरला दोन दुरुस्त्या मिळवल्यास तर किती झाले, ते तूच मोज. इथं स्वस्त बघायचं नाही. तसंच गॅसची नळी, मुलांचे चष्मे, ह्यांचं हेल्मेट. नळीवर तारीख असते, पाच वर्षं झाली की बदल.

लाइटबिलाचं कोडं सोपं आहे. सरकारच्या गृहज्योती वीज योजनेत सरसकट २०० युनिट फुकट नाहीत. तुमच्या मीटरवर २०२२-२३ साली महिन्याला सरासरी जेवढी वीज जळत होती, त्यात दहा टक्के मिळवून तेवढीच तुमची फुकट. त्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० च्या वर गेलात तर पूर्ण बिल. समज तुमची सरासरी ७० होती, तर ७७ पर्यंत शून्य. पाणी तापवायचा दीड हजार वॉटचा रॉड रोज अर्धा तास लावला की महिन्याला साडेबावीस युनिट जातात. तुझे तीनशे थंडीच्या महिन्यांत येतात का, बघ. तसं असेल आणि घरात बंब असेल तर रॉड बंद करून तो पेटव. शेजारीण वीज वाचवणारा तीन हजारांचा पंखा घे म्हणेल. बिल शून्य येणाऱ्या घरात त्या पंख्याचे पैसे कधी वसूल व्हायचे? तो ज्यांना पूर्ण बिल येतं त्यांच्यासाठी चांगला.

सासूबाईंना रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर तू लिहिलं नाहीस, पण विचारते. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घे आणि जनऔषधी केंद्रात जा. तीच गोळी निम्म्याहून कमी किमतीत मिळते. महिन्याचा हा खर्च कायमचा असतो, म्हणून इथं केलेली बचतही कायमची.

नणंदेचं मन मोडू नकोस, पण खरेदीसाठी कोल्हापूरला जाऊ नकोस. साबण, टूथपेस्ट, मिक्सर, सोनं, सगळ्यावर जीएसटी दोन्ही राज्यांत एकच आहे. सोन्यात फरक पडतो तो घडणावळीत, आणि ती शहापुरातही घासाघीस करून कमी होते. दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक आहे का, तेवढं बघ. उलट कर्नाटकात तुला ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या सरकारी बसचं तिकीट नाही. आधार दाखवायचं आणि शून्याचं तिकीट घ्यायचं. खानापूरला भात बघायला, संकेश्वरला मिरची बघायला जा. बाजार फिरून भाव डोळ्यांखालून घालणं ही मोठी कमाई आहे, आणि तुला त्याचं भाडं पडत नाही. खासबागच्या रविवारच्या बाजारातही हिंडून भाव विचारत जा. फक्त एक ऐक. कडोलीकडची, सांबऱ्याकडची बाई पहाटे उठून भाजीची बुट्टी घेऊन आलेली असते, तिच्याशी पेंढीमागं दोन रुपयांसाठी हुज्जत घालू नकोस. घडणावळीत, कपाटाच्या किमतीत, मंडपवाल्याशी घाल, तिथं हजारांत सुटतात.

आता यात्रा.

यात्रा साधेपणानं करा, कुणाला बोलावू नका, असं मी सांगणार नाही. बारा वर्षांनी गावात लक्ष्मी रथात बसते, तेव्हा लग्न होऊन गेलेल्या लेकी, आत्या, त्यांची सुना-नातवंडं, सगळी त्या एका अंगणात जेवतात. मागच्या यात्रेला तू नव्या नवरीसारखी तिथं वावरली असशील. ह्याच्या पुढच्या यात्रेला तुझा थोरला लग्नाच्या वयात आलेला असेल आणि सासूबाई असतील-नसतील. ह्यांची हौस खरी आहे, तिला धक्का लावू नकोस. पैसा कुठून यावा, एवढंच बदलायचंय.

यात्रेला सतरा महिने आहेत. सात महिन्यांत कर्ज फिटतं, उरले दहा. त्या दहा महिन्यांत २,१२० भरत राहिलीस तर २१,२०० होतात. मधल्या दिवाळीच्या बोनसातले दहा हजार त्यात घातले की एकतीस हजारांच्या वर. दिरांनीही तेवढेच घातले तर दोन्ही घरांचे मिळून ६२,४००. आता दिरांशी आणि जावेशी बसून बोला. दोन भावांचे दोन मंडप, दोन आचारी, दोन जेवणावळी कशाला? पाहुणे बहुतेक तेच. एक मंडप, एक चूल. भांडी गावातल्या मंडळाची मिळतात, नाव आत्ताच लावून ठेवा, यात्रेच्या महिन्यात कुणाला मिळत नाहीत. गावातच तांदूळ पिकतो, तो येत्या सुगीला दिरांकडं बाजूला काढा. दिरांच्या घरी गुरंढोरं सांभाळणारं माणूस असेल तर पुढच्या पावसाळ्यात दोन करडं घेऊन बांधावर वाढवा. यात्रा जवळ आली की पंचक्रोशीत बकऱ्याचा भाव किती चढतो ते दिरांना माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. पण सांभाळणारं माणूस नसेल तर ह्या भानगडीत पडू नका, एक दगावलं तरी सगळा फायदा जातो.

आणि आहेर. जेवणाइतकाच पैसा टॉवेल-टोप्यांत, खणांत आणि साड्यांत जातो, आणि ते खण पुढच्या यात्रेपर्यंत ट्रंकेत एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात. आमंत्रण देतानाच सांगायचं की आहेर आणू नका, आम्हीही करणार नाही, नुसतं जेवायला या. हे तू सांगू नकोस, तुझं ऐकलं जाणार नाही आणि चिकट म्हणून नाव तुझंच होईल. सासूबाईंनी सांगू दे. थोरल्या बाईच्या तोंडून आलं की पाहुण्यांनाही हायसं वाटतं, कारण त्यांच्याही घरात हेच चाललेलं असतं. लेकींची ओटी मात्र भरा, तिथं हात आखडू नका.

बासष्ट हजारांत दीड लाखाची यात्रा होणार नाही, हे ह्यांना आत्ताच कळू दे. जमेल तेवढ्याची यात्रा करायची, आकडा आधी ठरवून मग कर्ज शोधायचं नाही. ते चिडतील. त्यांच्यापुढं काटकसर हा शब्द काढू नकोस. ५०,८८० चा हिशेब एका कागदावर मांड आणि त्यांच्याकडूनच बेरीज करून घे. कारखान्यात मशीन बंद पडायच्या आधी तेलपाणी करणारा माणूस आहे तो, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि शनिवारी मुलांना घेऊन बाहेर काहीतरी खाऊन या, महिन्यातून एकदा, हिशेबात धरून. घरातल्या माणसांना सतत ‘नको’ ऐकू येत असेल तर ह्यांना चिकटपणा वाटणारच.

आता कॅलेंडर घे. सातव्या हप्त्याच्या तारखेवर खूण कर. त्याच्या पुढच्या महिन्यात, त्याच तारखेला, तेच २,१२० घेऊन घरातून बाहेर पड आणि बँकेत तुझ्या खात्यावर भरून ये. पावती जपून ठेव आणि मला कळव. मिरची घ्यायला फाल्गुनात रविवार पेठेत येशील तेव्हा सांग, मी बरोबर येते.

– तुझी मावशी